कुंपणाच्या पाल्याचा गुण

४ मार्च
चि. भिंगरीस काकाचे अनेक आशीर्वाद.
वि. वि. तुझ्या प्रयोगशाळेत पानांच्या अर्काने उंदरांची साखर उतरवतात, असं लिहून तू नमुन्याचं पान पाठवलंस. तेच आपल्या कुंपणाला निघालं! महिना झाला, गोळ्या बंद, रोज सकाळी पेलाभर रस. साखर एकशे पंधरा. तुम्ही सात वर्षं उंदीर मोजताय, मी महिन्यात निकाल लावला. डॉक्टर डोळ्यांची भीती घालत होते. दुकानात मनगटी घड्याळांचे स्क्रू अजून बिनचूक बसवतो. आमचं पान जोडलंय, साहेबांना दाखव. लोभ साखरेसारखा उतरू देऊ नकोस.

११ मार्च
ती. काकांस सा. न. वि. वि.
अभिनंदन! तुमचं पान तपासलं. शोभेचं झुडूप आहे, बकरीसुद्धा तोंड लावत नाही. आमच्या उंदरांना अर्क काट्यावर तोलून मिळतो, आणि तो माणसाला लागू पडेल असं इथे कुणी छातीठोक सांगत नाही. ते भाग्य तुमचं. मग साखर उतरली कशी? हात जोडते, गोळ्या घ्या. डोळे गेले तर घड्याळं कानाने दुरुस्त करणार का? रागावलात तरी माया पातळ करू नका.

१८ मार्च
चि. भिंगरी, अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र यांनी मोठ्याने वाचलं आणि तुझा जळफळाट झालाय म्हणाले. आता ऐक. डॉक्टरांना विचारून मी रोज गोळी कुटून त्या रसात घालते. एवढ्या कडू रसात कळतंय कुणाला? यांच्याशी वाद घालण्यापेक्षा खलबत्ता बरा. पण उद्या बहिणीच्या ऑपरेशनला निघालेय, पंधरा दिवस तरी तिकडेच. गोळ्या घ्या म्हटलं तर हसले. जिवाला घोर लागलाय गं. यांना कळू देऊ नकोस.
तुझी काकू

२९ मार्च
चि. भिंगरीस आशीर्वाद.
साखर तीनशे दहा. पानांचा कस गेला वाटतं. काल गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडलं, तर एका स्क्रूचे दोन दिसले. हाताने चाचपडत बसलो. खरं सांगतो पोरी, भ्यालो. चांगलं पान पाठव.

१ एप्रिल
ती. काकांस सा. न.
पानं जशी होती तशीच आहेत. औषध तेवढं काकूबरोबर तिच्या बहिणीकडे गेलंय. खलबत्ता काढून बघा, आणि आधी डॉक्टरकडे जा.

५ एप्रिल
चि. भिंगरीस,
बत्त्याच्या टोकाला पांढरी भुकटी चिकटलेली निघाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, डोळे थोडक्यात वाचले.
काल तुझी काकू आली. आल्या आल्या, बॅगही न ठेवता, पानं तोडायला कुंपणाकडे निघाली. मी हाक मारून थांबवलं आणि तिच्यादेखत गोळी गिळली. तिने खलबत्ता घासून उन्हात ठेवला आणि तिथेच पायरीवर बसून रडली.
तुझ्या उंदरांना माझा नमस्कार सांग. माझ्यापेक्षा शहाणे आहेत, दिलेलं औषध मुकाट घेतात.
तुझा काका