ओढ्यापासून वर

वाडी, ता. पेण
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

प्रिय गोरखदादा,

वनिताचा नमस्कार. स्वप्नालीवहिनीलाही सांग.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून हे पत्र. आश्रमशाळा सुटल्यापासून एवढं लिहिलं नव्हतं. माझ्या अक्षराला तू कोंबडीचे पाय म्हणायचास, तेच पाय आता रोह्यापर्यंत चालत येतायत. वाडीतला काळुराम तिकडे धाटावच्या कंपनीत शिफ्टला येतो, त्याच्या हाती देतेय. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

इकडे भात झोडून झालं. मी अजून जोह्याला गणपतीच्या कारखान्यातच आहे. आता मला डोळ्यांची आखणी देतात. शेठ म्हणतो, वनिताचा हात स्थिर आहे. बुबुळ मी नीट काढते. त्याच्या भोवतीचं पांढरं भरताना मात्र हात थांबतो. ते काम मी शेजारी बसणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे, पुतळीकडे सरकवते.

आई बरी नाही. खरं तर हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. दिवाळीपासून अंथरुणावर आहे, पेज दोन घोट घेते. पेणच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. रोज सकाळी विचारते, "गोरख आला का गो?" मी म्हणते, शिफ्ट असेल. वर्षभर कुणाची शिफ्ट चालते का, असं ती विचारत नाही.

तिला तुला डोंगर द्यायचा आहे. सातबाऱ्यावर तो आपल्या नावाचा कधी नव्हताच, ते सोड. कुठल्या दुखण्याला कुठलं झाड आणि त्या झाडाला कशी हाक मारायची, ते द्यायचं आहे. घरात एकालाच देतात. मी म्हटलं, मला दे. तर म्हणाली, "तुला नाय चालायचं." का नाही चालायचं, ते तुला ठाऊक नाही. तेच लिहायला बसलेय आणि मघापासून भात नि गणपती लिहितेय.

प्रतिक्षाचं लिहिते आता.

गेल्या वर्षीच्या नवरात्रात तू पोरीला आईकडे सोडून कामावर गेलास, तेव्हा तिचे डोळे पिवळे झाले होते. आईचे गुडघे धरलेले, म्हणून तिने मला वर पाठवलं. रीत तुलाही पाठ आहे. ओढ्याकाठी वाघदेवाच्या दगडाला सांगून वर जायचं. झाडापुढे आजाऱ्याचं नाव घ्यायचं, चिमूटभर तांदूळ ठेवायचे, अर्धी मुळी घ्यायची, अर्धी मातीत झाकायची. आणि ती मुळी आईच्या हातात पडेपर्यंत कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. बोललं की औषध मोडलं. आणि मोडलं तर आई वाट बघत बसायची नाही. सोमाकाकाची सून वाटेत बोलली, तेव्हा आईने त्याच दुपारी काकाला पेणच्या दवाखान्यात पिटाळलं होतं. आठवतं?

दादा, मी बोलले.

वरच्या टेपाडावर रेंज येते. फोन वाजला, मी उचलला नाही. पुन्हा वाजला. चौथ्यांदा उचलला. तू विचारलंस, "मिळाली का गो?" मी म्हटलं, "व्हय, मिळाली. घाबरू नको." एवढंच.

तुला त्या भीतीत रीत आठवली नसेल. मला आठवत होती. तरी उचलला, कारण तुझा जीव टांगणीला लागलेला मला सहन होईना. घरी येऊन मुळी आईच्या हातात दिली. तिने विचारलंसुद्धा, "वाटंत कुनाशी बोललीस का?" मी मानेनेच नाही म्हटलं. तिने ती उगाळून पोरीला दिली आणि माझ्या त्या नाहीवर विश्वास ठेवून तीन दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी तू प्रतिक्षाला रोह्याला नेलंस. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. तू परत येऊन सगळ्या वाडीसमोर आईला म्हणालास, "तू मारलीस माझ्या पोरीला."

तू म्हणशील, मुळी आणि रीत, सगळंच खोटं. खोटं धर. तरी चूक माझीच उरते. मी खरं सांगितलं असतं तर प्रतिक्षा पहिल्याच दिवशी दवाखान्यात असती.

बाराव्यानंतर मी आईला सगळं सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "गोरखला यातलं काय सांगू नको. फोन त्याचा व्हता ह्ये त्याला कळलं तर तो जगायचा नाय. माझ्यावर राग हाय ना, ऱ्हाऊ दे."

वर्षभर तिने तो राहू दिला. वाडीतली माणसं औषधाला येईनाशी झाली, तेही सोसलं. आता मी तिचा शब्द मोडतेय, दुसऱ्यांदा. तुझ्यावर ढकलायला नाही रे. पोर आजारी असताना बापाने फोन करायचाच असतो. मी उचलायला नको होता.

माझं तोंड बघायचं नसेल तर मी पुतळीकडे जोह्याला जाऊन राहीन. पण तू ये. आई गेली आणि तू तिलाच दोषी धरत राहिलास, तर मला ते सोसवणार नाही. तिच्याबरोबर ती हाकही जाईल. मग झाडं असतील वर, पण आपण त्यांना काय म्हणून बोलवायचं?

काळुराम गुरुवारी सकाळी परत येतोय. त्याच्याबरोबरच ये. आई तुला वर नेऊ शकणार नाही, ती अंथरुणातूनच सांगेल. जायचं तुला एकट्याने आहे.

ओढ्यापासून वर फोन बंद ठेव.

जिने तो बंद ठेवला नाही, ती तुझी
वनिता