शहराची वेळ आमच्या हातात

सोमवार, ३ तारीख. सकाळी ७.१०
कला महोत्सवाचं पत्रक आलं. ज्यांना नाचगाणी बघायची त्यांनी बघावीत. माझं लक्ष शेवटच्या ओळीवर गेलं. शनिवारी दप्तरखान्यात 'सहकुटुंब दिवस'. घरातला जुना कागद आणा, जाणकार तो तपासतील, निवडक कागद कायमचे जपून ठेवतील आणि शेजारी देणाऱ्याचं नाव लावतील.
म्हणजे माझं. आजोबांचं नेमणूकपत्र माझ्याकडे आहे. आजोबा मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्ली देत. थोडक्यात, या शहराची वेळ आमच्या घराण्याच्या हातात होती. घरात हा विषय काढला की सगळ्यांना एकदम कामं आठवतात.
संकल्प : शनिवारपर्यंत चिडायचं नाही.

सकाळी ८.००
चिडलो. सूनबाईनं विचारलं, तिथे पार्किंग आहे का. नेमणूकपत्राबद्दल अवाक्षर नाही.

बुधवार, ५
भाषणाची तयारी. शाळा सातवीत सुटली म्हणून काय झालं, बोलण्यात मी कोणाला हार जात नाही. पहिलं वाक्य चार वेळा लिहिलं. दुसरं सुचत नाही.
हिनं मध्येच विचारलं, तिच्या थोरल्या बहिणीची पत्रं आहेत, ती नेली तर चालतील का. शिलाई मशीनच्या खणात, चिंध्यांखाली आहेत म्हणे. मी समजावलं की बायकांच्या ख्यालीखुशालीला इतिहास म्हणत नाहीत. लगेच 'बरं' म्हणाली. पटलं तिला. समजूतदार बाई.

शुक्रवार, ७. संध्याकाळ
पत्र ओल्या फडक्यानं पुसलं. चकचकीत दिसतंय. वीस वर्षांपूर्वी मी दूरदृष्टीनं त्याचं लॅमिनेशन करून घेतलं. कडा दुमडल्या होत्या, त्या दुकानदाराला कापायला लावून कागद सरळ करून घेतला. घरातला प्रत्येक महत्त्वाचा कागद मी असाच सांभाळला आहे. लग्नपत्रिका, नातीचं पहिलं चित्र, डॉक्टरांची चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर डॉक्टरांना पुढचं औषध लिहिता येईना, तो त्यांच्या पेनाचा दोष.
उद्या रांगेत चक्कर आली तर? पत्र कोण धरणार?

शनिवार, ८. दुपारी ४.००
मुद्द्याचं तेवढं लिहितो.
मोठं दालन, लांब टेबलं. मुलं बोरूनं लिहीत होती, लाखेवर शिक्के मारत होती. आमची नातही त्यात. आमचा नंबर सतरावा. दप्तरखान्याच्या बाईंनी पत्र हातात घेतलं आणि आजारी माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, भारावल्या. मग हळूच विचारलं, हे प्लास्टिक कोणी चढवलं. मी छाती काढून सांगितलं, मीच.
त्या म्हणाल्या, उष्णतेनं गोंद कागदात मुरतो, शाई उडते, आणि प्लास्टिक काढायला गेलं तर कागदच निघून येतो. शिवाय कापलेल्या कडेबरोबर जावक क्रमांक आणि शिक्काही गेला. तेव्हा हा कागद दप्तरखान्याला घेता येणार नाही. फक्त संध्याकाळपर्यंत मुलांच्या टेबलावर ठेवू का, असं मात्र त्यांनी विचारलं. मला वाटलं, प्रदर्शन. होकार दिला. सहीसुद्धा केली.
त्या टेबलावर पाटी होती : 'कागदाशी असं वागू नका.'
नातीनं मैत्रिणींना हाका मारून दाखवलं, हे माझ्या आजोबांनी केलंय. तिच्या आवाजात अभिमान होता, तो जास्त लागला. मुलाकडे वळलो. त्यानंच तेव्हा स्कूटरवरून लॅमिनेशनच्या दुकानात नेलं होतं. तर म्हणतो कसा, बाबा, तुम्ही मला बाहेर उभं केलं होतंत.
एवढ्यात हिनं पिशवीतून फडक्यात बांधलेलं गाठोडं काढलं. बहिणीची पत्रं! एकशे बारा. बाई उठून हात धुऊन आल्या. सहकाऱ्यांना बोलावलं. कापड कारखान्यातल्या कामगार बाईनं स्वतःच्या हातानं इतकं लिहिलेलं त्यांच्याकडे दुसरं काहीच नाही म्हणे. हिला खुर्ची दिली. मी उभाच.
मी विचारलं, इतकी वर्षं मला का दाखवली नाहीस. ही म्हणाली, "दाखवली असती तर तुम्ही तीही प्लास्टिकात घातली असतीत."
केसानं गळा कापला.

रविवार, ९
संकल्प : अबोला. सगळ्यांशी. किमान पंधरा दिवस.

सकाळी ११.३०
सूनबाईनं चहा ठेवला, काही बोलली नाही. तिला माझा अबोला कळला, की तिनं स्वतःचा धरलाय?

मंगळवार, ११
ही दप्तरखान्यात गेली. बहिणीचं अक्षर बाईंना लागत नाही, म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हिनं वाचून दाखवायचं. मुलगा सोडायला गेला. सूनबाई कामावर, नात शाळेत. घरात कोणी नाही. अबोला कडक चालू आहे.

गुरुवार, १३
जेवताना ही सगळ्यांना सांगत होती, पत्रांत माझा उल्लेख आहे. एकदा नव्हे, चाळीसहून जास्त पत्रांत! घास हातातच राहिला. अबोल्यामुळे नातीकरवी चौकशी केली. काय लिहिलंय? नातीनं आणलेलं उत्तर असं, की प्रत्येक वेळी शेवटची ओळ तीच आहे : 'तुझे हे अजून तसेच का?'
'हे' म्हणजे कोण, अशी खाली टीप द्यायची आहे, असं बाई म्हणाल्या. मी नातीकरवी कळवलं, नाव पूर्ण लिहावं.
म्हणजे शेवटी दप्तरात मी जाणारच. मेहुणीचा स्वभाव मुळात निरीक्षणाचा.

शुक्रवार, १४. सकाळी ९.४०
ही निघाली होती, दारातून परत फिरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी ओळखलं. टीप माझ्यावर, तेव्हा माहिती माझ्याकडूनच घ्यायला हवी. अबोला स्थगित केला. जन्म, शाळा, नोकरी, आजोबा, मनोरा, सगळं क्रमानं ओठांवर आणलं. घसा साफ केला.
ही म्हणाली, "अहो, चष्मा द्या माझा. उशीर होतोय."
तो माझ्या नाकावर होता. दिला. आता काय लिहितोय ते दिसत नाही. ओळ वर चाललीय की खाली, कोण जाणे.