अळणी आंबील

ता. ६ नोव्हेंबर १९४४, कोरेगाव
मिरजेच्या डॉक्टरांचं पत्र आलं. सौ.च्या छातीला रोज एक अंडं, दुधात फेटून, चुकवू नका. बाजारात अंडी कुठली, लष्कराचे कंत्राटदार उचलतात. शिवाय घरात आई. अंड्याचं नाव काढलं तरी आंघोळ करील.

ता. ८
शेजारच्या पिंजाऱ्याच्या अमीनाचाची. त्यांच्या परसात माझ्या तीन कोंबड्या ठेवल्या. मास्तर आणि कोंबड्या! रेशनची ज्वारी माणसांनाच पुरत नाही. चाची म्हणाल्या, कण्या नि कोंडा ताकाच्या पाण्यात तीन दिवस आंबवा, निम्म्यात भागतं. त्यांच्या घरभर कापूस, ओलं ठेवायची सोय नाही. म्हणून गाडगं आमच्या चुलीमागे. आईला म्हटलं, माझ्या पोटासाठी आंबील आहे.

ता. ११
गाडग्यात बुडबुडे. वास आंबूस, चांगला. कोंबड्या तुटून पडल्या.

ता. १५
दोन अंडी! सौ.ला 'पांढरं औषध' म्हणून दिलं. तिला ठाऊक आहे, डोळे मिटून प्यायली. आईने पेला विसळला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ता. २२
चार दिवस अंडं नाही. कोंबड्या सारख्या पाण्यावर. तांबडी आज मेली. सौ.ला पुन्हा कणकण. गाडगं कुंपणाशी नेलं, चाचींनी बोट बुडवून चाखलं.
"मास्तर, यात मीठ कुनी घातलं? कोंबडीला लय मीठ म्हंजे जहर हाय."
मी नाही. म्हणजे आईने. परवाच म्हणत होती, अळणी आंबील तुझ्या घशाखाली उतरते तरी कशी. मूठ मूठ घालत असणार, मायेने. आता घालू नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार. आणि न सांगावं तर सौ...

ता. २३
शाळेत लक्ष नव्हतं. संध्याकाळी आईला सांगून टाकलं. कोंबड्या, पेला, सगळं. तिच्या चुलीमागे कोंबड्यांचं खाणं, हे तिला जास्त लागलं. जपाला बसली ती उठेना. जेवली नाही.

ता. २४
 मी गाडगं धुऊन नवं घातलं. आई पाहत होती.

ता. २६, रविवार
सकाळी आई परसात, कुंपणापलीकडच्या चाचींशी बोलत उभी. आत आली, गाडगं उचलून पडवीत नेलं.
"दाणा पाण्याखाली राहिला पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. तुला जमायचं नाही, मी बघते." मग म्हणाली, "पेला मात्र वेगळा ठेव."
इतकं हलकं वाटलं की न्हाणीघरात जाऊन रडलो. उगाच दोन तांबे पाणी ओतलं.

ता. ३०
पांढरीने अंडं घातलं. सौ.ला ताप नाही, दोन पोळ्या जेवली. पंधरवड्याने मिरजेला न्यायचं, छातीचा फोटो काढतील, तेव्हा काय ते खरं. आज पेला आईनेच नेऊन दिला, आणि सौ.चं पिऊन होईस्तोवर तोंड फिरवून तिथेच उभी राहिली.