बाबांची पिवळी रेघ

१ मार्च, शनि.
बाबांना पुण्याहून येऊन पाच दिवस. जेट लॅग वगैरे काही नाही, सकाळी सहाला आंघोळ करून तयार. "मंदारराव, तुमची ती गाडी दाखवा." शर्वरी म्हणाली, अहो बाबा, बाहेर उणे दोन आहे. काही उपयोग नाही. कानटोपी घालून निघाले.

शोयनेत गेलो. जर्मन शेतकऱ्याचं गवताचं जुनं कोठार, त्याच्या एका कोपऱ्याचं भाडं मी भरतो. किट आणून मी स्वतः जोडतोय त्या गाडीच्या फ्रेमभोवती बाबांनी दोन फेऱ्या मारल्या. "सगळी मिळून किलो किती?" सव्वासहाशे. "आणि इंजिन?" अडीचशे घोडे. किटवाल्यांनी याच्या निम्म्याचं सुचवलंय. मोठे ब्रेक लावायच्या अटीवर प्र्युफरने, म्हणजे गाडी पास करणाऱ्या तपासनिसाने, होकार दिलाय, पण त्याला काय, त्याला चालवायची नाहीये. मग बाबा म्हणाले, "शर्वरीला आकडे सांगितलेत?"
नाही सांगितलेले.

सासरे म्हणजे भोसरीच्या कारखान्यात तेहतीस वर्षं, शेवटची बारा क्वालिटीत. आल्याआल्या नियम. टॉर्कचा पाना ठरलेल्या जोराला क्लिक झाला की बोल्टच्या डोक्यावरून खाली फ्रेमपर्यंत पेंटच्या पेनाने एक सलग रेघ. बाबांची पिवळी, माझी पांढरी. "रेघ म्हणजे सही. आणि ती तुटलेली दिसली तर समजायचं, माझ्यानंतर कुणाचा तरी हात लागलाय."

८ मार्च, शनि.
इंजिन बसलं. ते चेनपुलीवर लटकलेलं, मी साखळी सोडतोय. बाबा खाली बोटाने दिशा दाखवतायत, अजून अर्धा इंच, थांबा, सोडा. एवढ्याशा फ्रेममध्ये ते धूड. आपण हे काय करून बसलोय.

बाबांनी इंजिन कुठून आणलं हे तीनदा विचारलं. तीनदा सांगितलं, अपघातातल्या गाडीचं. तिसऱ्यांदा म्हणाले, "चालवणाऱ्याचं काय झालं?" हे मी विकणाऱ्याला विचारलंच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत बाबांनी स्टेअरिंग पूर्ण जोडलं. सगळ्या रेघा पिवळ्या. सुंदर काम. पण तीनदा विचारलं.

१३ मार्च, गुरु.
ऑफिसमधून परस्पर शोयनेत. एक्झॉस्टचा पाइप स्टेअरिंगच्या दांड्याला घासतोय. खालच्या सांध्याचा बोल्ट काढला, सांधा एक दात फिरवला, बोल्ट हाताने आवळला, एवढ्यात श.चा फोन. बाबा ब्रेड आणायला गेले ते दीड तास झाला, परत नाहीत. मोबाइल घरीच चार्जिंगला.

तसाच पळालो. बेकरी बंद. स्टॉपवर कुणी नाही. श. रडत बसच्या मागे बस शोधतेय, आमची पोरगी इरा सायकलवर नदीकडे. नदीकडे का, हे तिला विचारायची हिंमत नव्हती. सव्वासातला सापडले, पुढच्या तिसऱ्या गावात, स्टॉपच्या बाकावर, मांडीवर ब्रेडची पिशवी. मला बघून म्हणाले, "बस वळली. मी नाही वळलो."



१४ मार्च, शुक्र.
बसला खरंच उमलायटुंग होतं. रस्ता खणलाय, दुसऱ्या गावावरून फिरवतायत. म्हणजे बाबांची चूक नाही. मग श. म्हणाली, पण सगळे उतरून दुसऱ्या बसमध्ये बसले तेव्हा हे तिथेच का बसून राहिले? आई गेल्यापासून असंच होतंय रे, फोनवर कळायचं नाही.

याद्या करायची सवय वाईट. ऑफिसात आठ तास हेच करतो. काय मोडू शकतं, मोडलं तर कितीजण जातील, मोडण्याआधी कळेल का. या तिसऱ्याला मी सगळ्यात जास्त घाबरतो. बाबांची यादी मनातल्या मनात सुरू झालीय. गॅस. किल्ली. औषधं. बोल्ट.

२२ मार्च, शनि.


बाबा डबा उघडून बसले होते, मी सहज एकेका बोल्टला पाना लावत गेलो. स्टेअरिंगच्या खालच्या सांध्याचा बोल्ट जवळजवळ अख्खा फेरा फिरला. अख्खा. पिवळी रेघ असलेला. रेघ नीट बघितली तर मधे केसभर सरकलेली. हात थरथरतो आताशा त्यांचा, रेघही सरळ येत नाही. बोल्ट आवळायचा राहिला आणि सही करून मोकळे.

हा बोल्ट सुटला की स्टेअरिंग नुसतं हातात फिरतं. चाकं जातात तिकडे जातात.

आवळला. पिवळी रेघ पुसून पांढरी मारली. बाबांना काही बोललो नाही, भाकरीबरोबर ठेचा छान झालाय एवढं बोललो.

घरी श.ला सांगितलं. ती भांडी घासत होती, तिने नळ बंद केला.

२७ मार्च, गुरु.
मंगळवारी आणि आज, ऑफिसनंतर चोरासारखा शोयनेत जाऊन बाबांचे सगळे बोल्ट पुन्हा तपासले. एकेचाळीस पिवळ्या रेघा. एकही सैल नाही. पाना टेकवला की क्लिक, टेकवला की क्लिक.

यानं बरं वाटायला हवं होतं. उलट जास्त भीती. एकेचाळीस बरोबर आणि एक चूक, म्हणजे कधी होईल ते सांगता यायचं नाही.

२९ मार्च, शनि.
बाबांना पॅनेल घासायला दिली. टॉर्कचा पाना माझ्याजवळ ठेवला. तासाभराने पॉलिश पेपर खाली ठेवून म्हणाले, "मंदारराव, मला बढती दिलीत की घरी बसवलंत?"
मी हसलो. हसायला नको होतं.

६ एप्रिल, रवि.
आज आवाज करायची सोय नाही, रविवारी इथे शांततेचा नियम, शेजारच्या आजीबाई ग्राइंडरचं पहिलं घर्र ऐकून दारात येतात. म्हणून घरीच. आणि घरी असलो की बोलणं होतं.

बाबांनीच विचारलं, सरळ. "माझ्या मागे तपासता ना?" हो म्हणालो. "सापडलं काही?"
श. मागून खुणा करत होती, नको नको. मी सांगून टाकलं. एक बोल्ट. कुठला? स्टेअरिंगचा, खालचा. रेघ होती? होती.

बाबांनी हाताचा पंजा उलटून पाहिला. "मला तर आवळल्याचं आठवतंय," म्हणाले. मग म्हणाले, "पण आठवतंय याला आता काय अर्थ."
कानटोपी खिशातून काढून खुंटीला लावली. मी वाईट माणूस नाही. पण त्या गाडीत माझी पोरगी बसायची आहे.

१२ एप्रिल, शनि.
एकटाच गेलो. बाबा म्हणाले, गुडघा दुखतोय.

इराची गणिताची जुनी वही मागून घेतलीय त्यांनी. त्यात लिहितात. "७.१० गोळी घेतली. ७.१५ गॅस बंद. ७.२० गॅस बंद, पुन्हा पाहिला." चहा प्यायल्यावर इराला विचारतात, मी चहा घेतला ना गं? ती वैतागून मला म्हणाली, "पापा, आजोबा इस्ट डोख निश्ट क्रांक, आजारी नाहीयेत ते. तुम्ही सगळे त्यांच्याकडे तसं बघता म्हणून ते." पुढचं सगळं जर्मनमध्ये, भराभर, आणि खोलीचं दार आपटलं. बारा वर्षांची आहे, तिला काय कळतंय.

श.ने न्यूरोलॉजिस्टचा टर्मीन घेतला. १२ मे. बाबांचं विमान २२ ला. बाबांनी वहीत लिहून घेतलं, दोनदा.

२६ एप्रिल, शनि.
पहिल्यांदा इंजिन सुरू केलं. खरं सांगायचं तर किल्ली फिरवण्याआधी तीनदा बाहेर जाऊन आलो.

लागलं. पहिल्याच झटक्यात. गवताची धूळ आढ्यावरून खाली आली. अ‍ॅक्सिलरेटरवर नुसतं पायाचं बोट टेकवलं तर अख्खी गाडी एका अंगाला झुकली, उभ्या जागी. आनंद झाला पाहिजे ना? सहा वर्षं थांबलोय याच्यासाठी. मी बंद करून सीटवर बसून राहिलो आणि त्या आधीच्या ड्रायव्हरचा विचार करत होतो.

बाबांना बळंच आणलं होतं. बाहेर ट्रॅक्टरजवळ उभे राहून ऐकलं. "आवाज चांगलाय," म्हणाले. आत आले नाहीत.

३ मे, शनि.
येत्या शुक्रवारी आइन्त्सेलआबनामे, गाडी रस्त्यावर आणण्याआधीची तपासणी. प्र्युफरचा मेल, कामाची तारीखवार नोंद हवी, काय कधी जोडलं, काय बदललं. आता वेगळी नोंद कुणी ठेवलीय. ही वही घेऊन बसलो, मार्चपासून उतरवत.

१३ मार्च.

"बोल्ट काढला, सांधा एक दात फिरवला, बोल्ट हाताने आवळला, एवढ्यात श.चा फोन."

खालच्या सांध्याचा. तोच.

मी काढला. मी हाताने बसवला. पाना लावायचा तेवढ्यात पळालो आणि परत आल्यावर डोक्यात फक्त बाबा. रेघ त्यांची होती, आठव्या तारखेची. ती केसभर सरकलेली होती कारण तिच्यानंतर हात लागला होता. माझा. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं रेघ तुटली तर काय समजायचं ते, इथेच लिहिलंय, दोन पानं मागे. आणि मी लिहिलं, हात थरथरतो.

विसरलो मी. आणि शिक्का त्यांच्यावर मारला.

शेजारच्या खोलीतून बाबांचा आवाज येतोय. इराला विचारतायत, खिडकी लावली ना मी?

४ मे, रवि.
श.ला पान दाखवलं. तिने दोनदा वाचलं. मला वाटलं ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "मी माझ्या बापाला महिनाभर लहान मुलासारखं बोलतेय, मंदार."
मी म्हणालो, टर्मीन रद्द करू.
"आणि बस? तीनदा विचारणं? ते तू नाही ना केलंस." ती बरोबर आहे. आता तर काहीच कळेनासं झालंय. आधी होतं ते किती आणि आम्ही घातलेलं किती.

बाबांना सांगायचं. आज नाही. शुक्रवार होऊ दे.
हे लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

७ मे, बुध.
आज सांगणार होतो. जेवताना त्यांनी भाजीत मीठ घातलं, वहीत लिहिलं, "मीठ घातलं". मी ताट उचलून उठलो.

मला भीती आधी गाडीची होती. मग त्यांच्या डोक्याची. आता त्यांच्या तोंडाकडे बघायची.

९ मे, शुक्र.
पास. प्र्युफर दीड तास गाडीखाली. बाहेर आला तो बोटाने रेघा दाखवत, या पिवळ्या कुणाच्या? माझ्या सासऱ्यांच्या. "जेअर जाउबर," अगदी स्वच्छ काम, म्हणाला, आणि कागदावर सही केली. पांढऱ्यांबद्दल काही बोलला नाही.
बाबांना सांगितलं, पास झाली. "छान," म्हणाले, आणि वहीत लिहिलं.

११ मे, रवि.
रविवार आहे, पण टॉर्कच्या पान्याला ग्राइंडरसारखा आवाज नसतो. बाबांना म्हणालो, चला, एक काम आहे, तुमच्याशिवाय होणार नाही. गुडघा, थंडी, सगळी कारणं सांगून झाली. शेवटी इराने कानटोपी आणून हातात दिली.

शोयनेत त्यांना स्टुलावर बसवलं आणि ही वही दिली, १३ मार्चचं पान उघडून. चष्मा लावून सावकाश वाचलं. मग मागची पानं. मग पुढची, २२ मार्चचं, हात थरथरतो ते. मी अडवलं नाही. वाचून होईपर्यंत मी दाराच्या कडीकडे बघत होतो.

"रेघ तुटलेली दिसली होती तुम्हाला."
"हो, बाबा."
"मग तेव्हाच का नाही विचारलंत?"
चुकलं माझं, म्हणालो. फार चुकलं.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. खिशातून इराची गणिताची वही काढली आणि माझ्या वहीवर ठेवली. "हा बोल्ट मी आवळला होता. बरं. मान्य. पण महिनाभर मी गॅस बंद केला का ते दहादा बघतोय मंदारराव. दहाव्यांदा बघितल्यावरही पटत नाही. ते कसं थांबवायचं तेवढं सांगा."


मी माझी पांढरी रेघ पुसली, बोल्ट सैल केला आणि पाना त्यांच्या हातात दिला. बाबा गुडघे टेकून खाली वाकले. पाना लावला, दोन्ही हातांनी ओढला. हात अजिबात थरथरत नव्हता. क्लिक. मी ऐकला, स्पष्ट.
बाबांनी मान वर केली. "झाला ना?"
"झाला, बाबा."
"नक्की?"
"नक्की."

पिवळ्या पेनचं टोपण काढलं. बोल्टच्या डोक्यावर टोक नेलं, टेकवलं नाही. मग टोपण पुन्हा लावून पेन शर्टाच्या खिशात टाकलं आणि उठायला माझा हात मागितला.
"उद्या डॉक्टरांकडून आल्यावर मारतो," म्हणाले.