मामांचं गवताचं मशीन दुसऱ्या झटक्यात

अनसिंग, दि. ३० ऑगस्ट २०२५, शनिवार. सकाळचे ६ वाजून ४० मिनिटे. हे लिहायला बसण्याआधी मी तुमच्या गवत कापायच्या मशीनच्या सायलेन्सरला बोट लावून तो गार झाला का, ते बघत होतो. झाला आहे.

तीर्थरूप शालिग्राममामा यांना भाचा भागवत याचा वाकून नमस्कार. ऑपरेशन झालेल्या डाव्या डोळ्याची पट्टी केव्हा काढणार ते कळवावे. थेंब वेळेवर टाकत जा, डोळा चोळू नका आणि नाशिकच्या दुधाला नावं ठेवू नका, म्हणजे तुमच्या लेकीला, मंजुषाताईंना, त्रास होणार नाही. फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नाही, म्हणून पत्र. ते ताईच वाचून दाखवतील. (मंजुषाताई, नमस्कार. जे कंसात असेल ते फक्त तुमच्यासाठी आहे. मामांना वाचून दाखवू नये. थोडं खोकून पुढच्या ओळीवर जावे.)

मामा, जाताना तुम्ही अट घातली होती, ती मी वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली आहे. "मी आल्यावर तीन झटक्यांत मशीन चालू झालं तर ठेवू, नाही तर इंझोरीच्या सेवालालले देऊन टाकू. त्याच्या संत्र्याच्या बागेत कामी येईल." वर हेही म्हणालात की भागवतच्या हाती काही खोलायला दिलं की एक नट उरतो. मामींच्या मिक्सरमध्ये तो उरला होता, हे मला मान्य आहे. पण त्याला तीन वर्षं झाली, आणि तुम्ही अजून लग्नाकार्यात माझी ओळख तशीच करून देता. तेव्हा आधी निकाल सांगतो आणि मग तपशील. मशीन काल संध्याकाळी दुसऱ्या झटक्यात चालू झालं. नट एकही उरला नाही.

आता तपशील. पोळ्याच्या दोन दिवस आधी, म्हणजे २० तारखेला, मशीन चौथ्या झटक्यात चालू झालं होतं. मी विचार केला की एक झटका कमी केला की काम झालं. पण पोळा झाला आणि २३ तारखेला ते चालूच होईना. सदतीस झटके मारले. दोरी ओढून ओढून माझा उजवा हात डाव्यापेक्षा लांब झाला, असं मामी म्हणतात. बसस्टँडजवळच्या धम्मपालदादाकडे गेलो. ते पंपाच्या मोटरी बांधतात आणि मशीनचं त्यांना सगळं कळतं. ते मान वर न करता म्हणाले, "खोलता सगळ्याइलेच येते, बापू. लावता येते का?" मी त्यांच्याकडून फक्त लोखंड कापायच्या हॅक्सॉ-करवतीचं एक जुनं पातं मागून आणलं आणि ठरवलं की आता लावूनच दाखवायचं.

मशीनसोबत आलेलं पुस्तक इंग्रजी आणि हिंदीत आहे. इंग्रजीने मला दहावीत दोनदा अडवलं, म्हणून हिंदी भाग सात वेळा वाचला. त्यावरून कळलं की मामा, थोडी चूक तुमचीही आहे. मागच्या दिवाळीचं पेट्रोल तुम्ही टाकीतच ठेवलं होतं. पेट्रोल लोणच्यासारखं मुरत नाही, ते नासतं आणि आत डिंकासारखं धरतं. ते सगळं काढून टाकलं. नवीन एक लीटर आणलं आणि त्यात ४० मिलीलीटर ऑइल घातलं. खोकल्याच्या औषधाचं झाकण पाच मिलीचं असतं, ते आठ वेळा भरलं. सातव्या वेळी मामींनी हाक मारली आणि मोजणीत शंका आली, म्हणून ते मिश्रण बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून केलं. (ते शंकेचं पेट्रोल गोठ्यात निळ्या डब्यात आहे. मामांना निळा डबा दाखवू नये.)

मग प्लग काढला. काळा ठिक्कर. पेट्रोलने धुतला, पॉलिश पेपरने घासला, पण त्याचं टोक झिजलं होतं म्हणून वाशिमहून नवा आणला. त्याच्या दोन टोकांत हॅक्सॉचं पातं जेमतेम सरकेल इतकीच फट ठेवली. हवेच्या फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवला. उन्हात नाही. त्यातून दहा महिन्यांचं अनसिंग निघालं. पात्यामागच्या गिअरच्या डब्यात ग्रीस भरलं. कार्ब्युरेटर खोलला, ब्रशने साफ केला. प्रत्येक स्क्रू मामींच्या इडलीपात्रात एकेका खळग्यात ठेवला आणि शेजारी चिठ्ठी: कुठला, कोणत्या क्रमाने निघाला. एकूण एकतीस नग, आणि एकतीसच परत बसले. हे मी दोन साक्षीदारांसमोर मोजून घेतलं. (एक साक्षीदार मामी. दुसरा सेवालालभाऊ. त्यांचं खाली येईल.)

एवढं करूनही गुरुवारी मशीन चालू झालं नाही. मामा, त्या दिवशी मी जेवलो नाही. सगळं पुस्तकाप्रमाणे करूनही होत नसेल, तर मग मी काय करावं? शेवटच्या पानावर एक ओळ राहिली होती: सायलेन्सर तुंबला असेल तर धूर बाहेर जात नाही आणि इंजिन धरत नाही. काल दुपारी तो काढला. आत कार्बन साचला होता. काढला, बसवलं, दोरी ओढली. पहिल्या झटक्याला खोकललं आणि दुसऱ्याला असं गरजलं की शेजारच्या म्हशीने दावं तोडलं.

(ताई, कार्बन नव्हता. पुरणपोळी होती.

झालं असं. मामांनी चांद्या-हिऱ्याची बैलजोडी विकल्यापासून मामी पोळ्याला मातीचे बैल पुजतात, हे तुम्हाला माहीत आहे. यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी गोठ्याबाहेर असताना त्यांचा आवाज आला, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मला वाटलं मलाच बोलावत आहेत. मी दुसऱ्या दिवशी जाऊन चार पोळ्या खाल्ल्या. त्यांनी वर तूपही वाढलं. पण खरं आवतण, बैलांना देतात तसं, मशीनला होतं. पोळ्याला बैलांचे खांदे मळतात, आणि मशीनचा पट्टा खांद्यावर येतो, म्हणून त्या पट्ट्याला तूप-हळद चोळली होती. मी ते डाग ऑइलचे समजून घासले. आणि पोळ्याच्या दिवशी घास भरवायला तोंड शोधलं, तर त्यांना सायलेन्सर सापडला, कारण आवाज तिथूनच येतो. अर्धी पोळी, नीट गुंडाळी करून.

काल आवाज ऐकून धम्मपालदादा स्वतः आले. "चालू झालं बा," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे फार झालं. मग विचारलं, "काय निंगालं?" मी म्हणालो, कार्बन. त्यांनी हवेत वास घेतला. "कार्बनले इलायचीचा वास कायले येऊन राह्यला?" मी फिल्टर झटकायला घेतला. मामींचं नाव तुम्हीही घेऊ नये. मामांना ते वर्षभर चिडवायला पुरेल.)

तर मामा, आता रोज वापरानंतर फिल्टर झटकीन आणि काम संपलं की टाकी रिकामी करीन. तुम्ही पट्टी काढून या, आणि दोरी स्वतःच्या हाताने ओढा. मला घाबरायला होतं खरं, पण पूर्वीसारखं नाही.

आपला आज्ञाधारक,
भागवत

ता. क. १ : पत्र पाकिटात घालण्याआधी मामींनी वाचून दाखवायला लावलं. मी खोकत खोकत वाचलं. त्या म्हणाल्या, "तुले खोकला कवापासून झाला? मधातलं वाच." वाचावं लागलं. ऐकून आधी पदर तोंडाला लावून हसल्या, मग म्हणाल्या, "खरं लिव. म्या खाऊ घातली. त्याईले काय भेतो?" तेव्हा ताई, आता पत्र पहिल्यापासून कंसांसह वाचावे. निळ्या डब्यासकट.

ता. क. २ : गुरुवारी सेवालालभाऊ उरलेले पैसे घेऊन आले होते. म्हणजे मामा, तुम्ही अटीची मुदत संपण्याआधीच त्यांच्याकडून पाचशे रुपये इसार फोनवर घेऊन बसला आहात, हे आम्हाला तेव्हा कळलं. मशीन इडलीपात्रात बघून ते म्हणाले, "वयनी, हे मशीन हाये का नाश्ता?" मामींनी डाळीच्या डब्यातून पाचशे काढून त्यांच्या हातावर ठेवले. "भाऊ, मागच्या येळी म्या माहेरी गेल्ती, तवा जोडी इकली. आता म्या घरीच हावो. पोळ्याले पुजलेलं, आवतण देल्लेलं कोनी इकते काय?" सेवालालभाऊंनी टोपी काढली आणि म्हणाले, हे काहून आधी नाही सांगितलं. मग बसून माझे एकतीस नग मोजून गेले. त्यांच्या बागेतलं गवत कापायचं काम त्यांनी मलाच सांगितलं आहे.

ता. क. ३ : तेव्हा मशीन विकू नये, एवढीच विनंती होती. ती मी पहिल्या पानावर लिहायला हवी होती, पण धीर झाला नाही.

खर्च : पेट्रोल दोनदा २१०, प्लग १३०, ऑइल १८०, ग्रीस ५०, पॉलिश पेपर १०. एकूण ५८० रुपये. हे मी भरले, ते मागत नाही.

उरलेले नट : शून्य.

मामांकडून मामींना देणे : रोख ५०० रुपये, आणि (त्यांनीच सांगितलं तसं लिहितो) एक बैलजोडी. पैकी मशीन घरात राहिल्यास एक बैल वजा. बाकी एक.