लाल डागाच्या मागे गेलेलं गाव

बुधवार, १६ जुलै २०२५, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. वाळवणाच्या पटांगणात बसून भिजलेल्या खारका एकेक करून उलटतो आहे (आत्तापर्यंत चारशे बारा).

आदरणीय खल्फानमामांना भाचा मुहन्नाचा सलाम. मामींना सलाम, मुलांना पापे. तुमची रक्तातली साखर आता किती आहे? मामींची कंबर कशी आहे? आमच्या बाबांच्या गुडघ्याचे टाके निघाले का, आणि ते तुमच्याकडे स्वस्थ बसतात की तिथंही नळ कसा दुरुस्त करावा हे सगळ्यांना सांगत असतात? इकडची खबर विचाराल तर रीतीप्रमाणे सांगतो: खबर काही नाही, सगळं क्षेम आहे, ऐकण्यासारखं काही घडलेलं नाही.

आता जे घडलं ते सांगतो. (फोन न करता हे पत्र मस्कतच्या बसवाल्याच्या हाती देतो आहे, कारण तुमचा फोन हल्ली बाबाच उचलतात.)

ऑपरेशनला निघताना बाबांनी यंदाचा खजुराचा हंगाम पहिल्यांदाच माझ्यावर सोपवला. मी नववीत शाळा सोडली तेव्हापासून बाबांच्या लेखी माझी जागा 'बघू या' एवढीच आहे. गाडीत बसताना ते म्हणाले, "उकळणं कुणालाही येतं. वाळवून दाखव." म्हणजे खारका नीट वाळल्या तर बाग माझ्या हाती, नाहीतर धाकट्या काकांच्या. हे ते बोलले नाहीत, पण ज्या तऱ्हेने त्यांनी काच वर केली त्यावरून मला कळलं.

मी तयारीत कसूर केली नाही. खजूर उकळून अडतीस चटयांवर पसरला. त्याला आठ दिवस कडक ऊन लागतं, आणि सातव्या दिवशी जरी एक सर पडली तरी सगळा माल आंबून गुरांपुढे जातो, हे तुम्हाला मी काय सांगणार. डोंगरावरचे ढग जुलैत तासाभरात जन्मतात आणि वाळवंटावर येऊन फुटतात, म्हणून मी फोनवर पावसाचं रडार घेतलं. दर दहा मिनिटांनी नवं चित्र येतं: हिरवं म्हणजे शिंतोडे, पिवळं म्हणजे सर, लाल म्हणजे आकाश फाटलं. मी फोनच्या काचेवर आगकाडी धरून डागाचं अंतर मोजायचो आणि वहीत वेळ लिहायचो. पहिल्या सहा दिवसांत दोन ढग मी लिहिलं होतं त्याच मिनिटाला डोंगरातच विरले. गाव मला 'ढगांचा कारकून' म्हणू लागलं. (चिडवून म्हणतात हे मला कळतं, पण त्यात थोडा आदर असावा.)

योजना अशी होती. दहा ताडपत्र्या मी आणल्या. आपली गाडी बाबांना घेऊन मस्कतला गेल्यामुळे त्या शेजारच्या हारिबकाकांच्या पिकअपमध्ये ठेवल्या. नऊ माणसं सांगून ठेवली होती, प्रत्येकाला चार चटया, उरलेल्या दोन मला. मी गावाच्या ग्रुपवर निरोप टाकायचा आणि पंधरा मिनिटांत सगळ्यांनी पटांगणात यायचं.

काल, म्हणजे सातव्या दिवशी, दुपारी तीन बेचाळीसला डोंगराच्या पायथ्याशी डाळिंबाएवढा लाल डाग उगवला आणि सरळ आपल्याकडे निघाला. मी हिशेब केला: चार पस्तीस. चित्रासकट ग्रुपवर टाकलं: "पाऊस येतो आहे. ताबडतोब निघा."

मामा, एका मिनिटात एकसष्ट उत्तरं आली. बदाम, दुवेचे हात, अल्हम्दुलिल्लाह. कुणी लिहिलं, "शाब्बास मुहन्ना, तुझ्यामुळे कळलं!" मला भरून आलं. मग गाड्या सुरू झाल्याचे आवाज आले. ते जवळ येण्याऐवजी लांब जाऊ लागले.

मी रस्त्यावर धावलो. सगळ्यात पुढे हारिबकाकांची पिकअप. आत माझी नऊपैकी चार माणसं, मागे माझ्या ताडपत्र्यांवर बसलेली पोरंटोरं, कॉफीचा थर्मास आणि एक कलिंगड. मी आडवा उभा राहिलो.

"काका, कुठं? पाऊस इकडेच येतोय!"

"म्हणून तर! पाहुणा दारात येईपर्यंत घरात बसून राहतात होय रे? सामोरं जायला नको?"

"आणि खारका?"

"खारका दरवर्षी येतात. बाजूला हो कारकुना, आणि एवढं सांग, नदीच्या कुठल्या वळणावर गाठ पडेल?"

आणि मामा, मी सांगितलं. "पुलापलीकडे, चार सतराला." विचारल्यावर चुकीचं सांगणं मला जमत नाही.

मग मी झुवैना आत्याकडे गेलो. म्हटलं, बाबांची सख्खी थोरली बहीण, ती तरी थांबेल. घाईघाईत तोंडातून निघून गेलं, "आत्या, हा पाऊस परवापर्यंत थांबला असता तर बरं झालं असतं." तिने माझ्या तोंडावर हातच ठेवला. "चार वर्षं पाट आटलाय, झाडं मुळांनी धूळ चाटतायत, आणि तू पावसाला तारीख देतोस? माफी माग आधी!" मी माफी मागितली. ती पूर्ण व्हायच्या आत शेवटची पिकअप दारात आली आणि एकाहत्तर वर्षांची, जिन्याची एक पायरी चढताना तीनदा देवाचं नाव घेणारी माझी आत्या कुणाचा हात न धरता मागच्या फळीवर चढून गेली.

पाऊस चार तेहतीसला आला (दोन मिनिटांची चूक माझी). मी एकटा चटया उचलून पत्र्याच्या शेडमध्ये नेत होतो. तेवढ्यात हॉर्न ऐकू आले. सगळं गाव पावसाच्या पाठोपाठ परत येत होतं, पण त्यांच्या आधी चार वर्षं कोरडी पडलेली नदी आली. पूल पाण्याखाली गेला आणि ते पलीकडच्या काठावर अडकले. मी ओरडलो, "ताडपत्र्या!" हारिबकाकांनी एक ताडपत्री उलगडून झेंड्यासारखी हलवली आणि ओरडले, "मुबारक! मुबारक!" दुसऱ्या ताडपत्रीखाली आत्या कॉफी ओतत होती.

एकतीस चटया भिजल्या. आज सकाळी पाणी ओसरल्यावर तीच माणसं चिखलातून चालत हलवा घेऊन माझं अभिनंदन करायला आली. खारकांबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. हारिबकाकांच्या स्वतःच्या बावीस चटया उघड्यावर होत्या. मी आठवण करून दिली तर म्हणाले, "अरे, हो की!" मी अजून सावरलेलो नाही.

मामींना पुन्हा सलाम.

आपला,
मुहन्ना बिन सुवैद

ता. क. खरं काम हे. ग्रुपवर हारिबकाकांनी नदीचा व्हिडिओ टाकला आहे. शनिवारपर्यंत बाबांच्या हाती फोन लागू देऊ नका. नेटवर्क गेलं म्हणा, चार्जर हरवला म्हणा.

आणखी ता. क. वर सगळं लिहिलं, पण एक गोष्ट राहिली. शेडमध्ये वीस चटयांची जागा होती आणि वेळही होता. सात चटया आत नेल्यावर नदीचा आवाज आला. आठवी मी एक मिनिटासाठी खाली ठेवली, नुसतं बघून यावं म्हणून. व्हिडिओत अलीकडच्या काठावर गुडघाभर पाण्यात, डोक्याचं फडकं वाहून गेलेला, सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा जो दिसतो, तो मी.

शेवटचं ता. क. बसची वाट बघत असतानाच बाबांचा फोन आला. व्हिडिओ त्यांनी कालच बघितला. तुम्हीच दाखवलात म्हणे! (मामा, तुम्ही?) मी एकतीस चटयांची कबुली द्यायला लागलो. ते म्हणाले, "ते राहू दे. पाणी कुठवर चढलं?" मी म्हटलं, मोजलं नाही. बाबा म्हणाले, "ढगाचं मिनिट न् मिनिट लिहून ठेवतोस, आणि चार वर्षांनी नदी आली तर तेवढंच मोजलं नाहीस? बागेला पाणी किती महिने पुरेल हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती बाग देऊ कशी? काठावर चिखलाची रेघ असेल. पुसली जायच्या आत मोजून ये. मग बोलू."

म्हणून हिशेब घाईत देतो. खर्च: ताडपत्र्या दहा, चाळीस रियाल. उकळणाऱ्यांची मजुरी, साठ रियाल. रडारपायी फोनचं रिचार्ज, पाच रियाल. हाती आलेला माल: सात चटया. देणं: उकळणाऱ्यांच्या मजुरीतले वीस रियाल, आणि बाबांना पाण्याची उंची. मोजपट्टी हारिबकाकांच्या पिकअपमध्ये आहे आणि पिकअप पलीकडे चिखलात रुतली आहे, म्हणून वितीने मोजणार आहे. माझी वीत साडेआठ इंच. निघालो.