किनाऱ्याच्या मुलांना चाचणी माफ

३ नोव्हें., सोम.
आज अकादमीत नव्या तुकडीचा पाण्यातला पहिला दिवस.
सकाळी तलावावर सराव. मीच म्हणालो, "किनाऱ्याची पोरं आधी. लाइफ जॅकेट न घालता. बाकीच्यांना जरा दाखवा." रसिका कुबलने उडी मारली. पडल्याचा आवाज आला. वर आल्याचा आलाच नाही. चौतीस वर्षं नौदलात हे दोन आवाज ऐकले, कान फसत नाहीत. पोहणं शिकवणारा गवस मास्तर कपड्यांसकट आत. काढली तेव्हा ओठ निळे. रडली नाही. पहिलं वाक्य: "सर, माका पेवूक येणा नाय."
मासेमाराची मुलगी, आणि पोहता येत नाही! घर लाटांपासून वीस पावलांवर!

४ नोव्हें.
प्रवेशाचं रजिस्टर काढलं. अकरा नावांपुढे 'किनारपट्टी. पोहण्याची चाचणी माफ'. खाली सही माझी. प्रमुख म्हणून पहिल्याच आठवड्यातली. त्यांचा मान राखतोय असं वाटलं होतं.
मी ओरोसकडच्या शेतकऱ्याचा. कमरेला डबा बांधून विहिरीत शिकलो. मालवणचं पोर पोहतच जन्मतं, हा आमच्या गावचा समज. खलाशी म्हणून भरती, कॅप्टन म्हणून निवृत्त, आता अकादमीचा प्रमुख. समज जिथल्या तिथे.
गवस दार लोटून म्हणाला, "मागची तारीख घालून चाचणी दाखवया, सर. पाच मिन्टां. गुरवारी सरकारी तपासणी आसा, तुमी कशाक गळ्यात घेतात?"
मी म्हणालो, "बघू."
बघू!! मी?

५ नोव्हें.
रसिकाचे वडील आले, भिवा कुबल. पिशवीत बांगडे. मी माफी मागायला उठलो, तर तेच हात जोडून. "चूक चेडवाची, रसिकाची. फॉर्मार 'पेवूक येता' म्हणान लिवल्यान."
"तुम्ही शिकवलं नाहीत?"
हसले. "माका खंय येता! चाळीस वर्सां दर्यात आसंय. होडयेतसून पडाचा नाय, तितक्याच शिकलंय."
म्हणजे यांनाही येत नाही! मी खुर्ची पुढे केली.
जाताना हळूच, "तिचा नाव काढून टाकू नकात, सायेब. आमच्यातलो अजून कोण बोटीर ऑफिसर झालो नाय."
नियम स्पष्ट आहे: फॉर्मवर खोटं, तर प्रवेश रद्द. खरं लिहिलं तर माझी खुर्ची जाईल, ती जाऊ दे. पण मुलगीही जाईल. आणि गवसचं ऐकलं तर पुढच्या वेळी भर समुद्रात…

६ नोव्हें., गुरु.
तपासणीआधी अकराही जणांना उभं केलं. "मी आज खरं लिहिणार आहे. तुम्हीही सांगा. कोणाला येत नाही?" आधी रसिकाचा हात. मग एकेक. सात! अकरातले सात.
तपासनीसांपुढे रजिस्टरचं तेच पान उघडून ठेवलं. सोबत माझं पत्र: चूक माझी, मुलांना ठेवा, मी शिकवून घेतो. एक दुसऱ्याच्या कानात, "म्हातारा स्वतःच का उकरतोय?" तेही ऐकू आलं. निर्णय पत्राने.

१० नोव्हें., सोम.
रोज साडेसहाला सातही जण उथळ पाण्यात. गवस माझ्यावर फुगलाय, पण येतो. "पाय मार गो, पाय! पाणी काय खाता तुका?" आज रसिकाने कठडा सोडला. मी चारपर्यंत मोजलं. वर आल्याचा आवाज. डोळे भरले, उगाच चष्मा पुसला.
भिवा कुबल भिंतीपाशी उभे होते, हाफ पँट घालून. "सायेब, माझा नाव खंयच्या रजिष्टरात घालशात?"
तेवढ्यात शिपाई: तपासणीचं पत्र आलंय.
टेबलावर आहे, बंद. म्हटलं, आधी हे लिहून घेऊ.